मचाणावरून हरीण मारावं का? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



गेले काही भाग आपण किल्ले आणि लढायांवर बोललो. आज लढाई नाही. पण दबा धरून बसणं आहे, नेम आहे आणि चाप ओढायचा की नाही हा निर्णयही आहे. विषय आहे मचाण. झाडावर बांधलेल्या माच्यावर रात्रभर बसून खाली पाण्याला येणाऱ्या हरणावर गोळी घालावी की नाही, यावर आपल्या देशात केव्हापासून विचार झाला, कोणी केला आणि शेवटी तो कुठे येऊन थांबला, ते बघू.

आधी शब्द बघू. संस्कृत 'मञ्च' वरून आपला माच, माची, माचा. राजगडाच्या सुवेळा आणि संजीवनी माच्या आपण बघितल्या, तीच ही माची. उंचावरची सपाट जागा. विदर्भातला शेतकरी पिकाच्या राखणीला उभारतो त्याला माळा म्हणतो, आणि शिकारीच्या गोष्टींतून 'मचाण' हा शब्द आपल्याकडे रुळला. दुसरा शब्द हरीण. आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही, पण ही दोन वेगळी कुळं. चितळ, सांबर, बारशिंगा यांची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. हे सारंग. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांची शिंगं जन्मभर तीच. हे कुरंग. हा भेद पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता फेब्रुवारीच्या रात्री जेवण झाल्यावर अंगणात किंवा गच्चीवर या. बडोद्यात असा, इंदुरात असा, बेळगावात किंवा हैदराबादेत, आकाश तेच. डोक्यावर थोडं दक्षिणेला चार ताऱ्यांचा चौकोन दिसेल. ते हरणाचे चार पाय. मधोमध ओळीत तीन तारे, तो त्याच्या पोटात घुसलेला बाण. ती ओळ खाली वाढवत नेली की आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लागतो. तो व्याध. मृग नक्षत्राची ही कल्पना इतकी जुनी आहे की लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' हा ग्रंथ लिहून तिच्या आधारे वेदांचा काळ मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांचं गणित आज सगळे मान्य करत नाहीत, तो वेगळा विषय. पण आपल्या पूर्वजांनी आकाशात एक शिकार कायमची टांगून ठेवली, हे खरं.

त्याच व्याधाची कथा मराठी घरांत महाशिवरात्रीला वाचली जाते. श्रीधरांनी १७१८ मध्ये बारामतीला 'शिवलीलामृत' रचलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात ही कथा आहे. लहानपणी आजीच्या मांडीवर ती ऐकताना मला बेलाची पानं आणि शिवलिंग एवढंच दिसायचं. कमिशन मिळाल्यावर, अॅम्बुशचं प्रशिक्षण झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की हे सगळं वर्णन पक्क्या पारध्याचं आहे. तळ्याकाठचं झाड, कारण पाण्याला प्राणी येणारच. वेळ रात्रीची. बसण्याची जागा उंचावर. आणि तो बेलाची पानं का तोडतो? भक्तीनं नव्हे. समोरची फांदी नजरेच्या आड येते म्हणून. आम्ही फौजेत याला मारा करायची वाट साफ करणं म्हणतो. ती पानं खाली लिंगावर पडली, हा कथेचा योगायोग. पानं तोडणं मात्र धंद्याचं शहाणपण.

मग हरिणी येते. गाभण असते, बोलते, पिलं होऊ दे मग परत येते म्हणते. व्याध धनुष्य खाली घेतो. पुन्हा दुसरी, पुन्हा हरीण, अशी रात्र सरते, आणि सकाळी सगळी खरोखर परत येतात. पुराणातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 'गाभण मादीवर बाण टाकू नये' हा नियम या कथेनं गावागावांत नेला. तो कायद्याच्या पुस्तकात यायला पुढे फार काळ गेला.

याच प्रकारच्या शिकारीची दुसरी कथा याहून कडू आहे. तरुण दशरथ पावसाळ्यात शरयूच्या काठी रात्री दबा धरून बसतो. पाण्याला हत्ती येईल, रेडा येईल, एखादं श्वापद येईल. अंधारात घडा भरल्याचा आवाज होतो, त्याला वाटतं हत्ती पाणी पितोय, आणि तो आवाजावर बाण सोडतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. रामायणाची अर्धी शोकांतिका पाणवठ्यावर बसून न बघता सोडलेल्या एका बाणात आहे. रंगरूट पहिल्यांदा रायफल हातात घेतो तेव्हा त्याला जे सांगतात, लक्ष्य ओळखल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, ते शिकवायला श्रावणबाळापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही. मी तो अनेक तुकड्यांना सांगितला आहे.

आता कथांतून इतिहासात येऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. शिकार वाईट की जुगार? पिशुन नावाचे आचार्य म्हणतात शिकार अधिक वाईट, कारण तिथे चोर, शत्रू, वणवा, वाट चुकणं, तहानभूक हे सगळे धोके. कौटिल्य म्हणतो, नाही, जुगार अधिक वाईट. शिकारीत निदान व्यायाम होतो, चरबी झडते, स्थिर आणि हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, आणि भ्यालेला किंवा चिडलेला प्राणी कसा वागतो हे कळतं. कालिदासाच्या शाकुंतलातला सेनापतीही साधारण हीच वकिली करतो.

पण ही यादी मचाणाला लावून बघा. व्यायाम? रात्रभर मांडी घालून बसण्यात काय व्यायाम. हलतं लक्ष्य? हरीण मान खाली घालून पाणी पितंय. कौटिल्याचे सगळे फायदे पायी आणि रथातून केलेल्या शिकारीचे आहेत. मचाणाला त्यातला एकच उरतो, प्राण्याचं मन ओळखणं. आणि त्याला बाण लागत नाही. नुसतं बसलं तरी पुरतं.

त्याच अर्थशास्त्रात अभयवनांची सोय आहे, तिथल्या प्राण्यांना मारणाऱ्याला दंड आहे. म्हणजे राजानं शिकार करावी की नाही यावर वाद, पण काही जागा हरणांसाठी सोडायच्या यावर नाही. अशोक त्याच्याही पुढे गेला. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी असंख्य प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे तेही बंद होणार. हे मला फार प्रामाणिक वाटतं. एका दिवसात संत झालो असं तो म्हणत नाही. आठव्या शिलालेखात तो सांगतो की आधीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला जात, आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. या आठव्या लेखाचा एक तुकडा कुठे सापडला माहीत आहे? आपल्या नालासोपाऱ्याला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो शोधला. विरार लोकलमधून रोज लाखो माणसं त्या गावावरून जातात. शिकार सोडल्याची राजाची जाहीर नोंद महाराष्ट्राच्या मातीत होती.

मधली शतकं भरभर घेऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगया सविस्तर आहे. मोगलांची कमरगाह ही मचाणाच्या अगदी उलट, हजारो माणसांनी कडं करून जनावरं आत कोंडायची. जहांगीर हिशेबाचा पक्का होता. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ प्राणी मारले गेले आणि त्यांतले १७,१६७ स्वतः मारले, असं त्यानं आत्मचरित्रात नोंदवलं आहे. याच जहांगीरनं आपल्या लाडक्या हरणाची आठवण म्हणून शेखुपुऱ्याला मिनार बांधला. आज ते पाकिस्तानात आहे. माणूस असाच असतो, काय बोलणार. आपल्याकडे कोल्हापूर दरबारात काळविटांच्या शिकारीला पाळीव चित्ते असत आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान. ते आडनाव अजून कोल्हापुरात आहे.

इंग्रजांच्या काळात मात्र मचाणाला खरा रंग चढला. बांधायची रीत साधी. पाणवठ्याकडे किंवा चाटणीकडे, म्हणजे जिथे जनावरं खारी माती चाटायला येतात तिकडे, तोंड करून झाड निवडायचं. बारा-पंधरा फुटांवर फांद्यांच्या बेचक्यात बाज उलटी बांधायची, वेलींनी किंवा दोरांनी. आडोशाला पानं लावायची, ती त्याच झाडाची. दुसरी पानं कोमेजली की जनावर ओळखतं. वारा त्याच्याकडून आपल्याकडे. उन्हं उतरायच्या आत वर चढायचं, खोकायचं नाही, विडी नाही, डास चावला तरी हात हलवायचा नाही. हरणाची नजर जमिनीच्या पातळीवर फिरते, धोका तिथून येतो म्हणून. वर बघायची त्याला सवय नाही. शिकाऱ्याचा सगळा फायदा एवढ्यात आहे. अर्थात वर वानर असेल तर तुमचं भांडं फुटलंच. चितळ आणि वानर यांची जुनी दोस्ती, एकानं खोक दिला की दुसरा सावध.

हे सगळं करायचा कोण? गोंड, बैगा, कोरकू. माग काढायचा त्यांनी, झाड निवडायचं त्यांनी, बाज बांधायची त्यांनी, आणि पुस्तक लिहायचं साहेबानं. कॅप्टन जेम्स फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ चं. डनबर ब्रँडरचं १९२३ चं. दोन्ही वाचण्यासारखी आहेत, माणसं निरीक्षणाला पक्की होती. पण साहेबांच्या शिष्टाचारात एक गंमत होती. हरणाची शिकार पायी माग काढत करावी, ती मर्दुमकी. पाण्यावर बसून हरीण मारणं हलकं. मचाण वाघासाठी ठीक, तेही नरभक्षक असेल तर उत्तमच. ऐकायला उदात्त वाटतं. पण १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलं झाली, शिकारीचे परवाने आणि ब्लॉक आले, आणि ज्याच्याकडे एकच ठासणीची बंदूक, पोटाला मांस हवं, त्या गावकऱ्याला पाण्यावर बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो झाला चोरटा शिकारी. फासेपारध्यांचा फास तर थेट गुन्हेगार जमाती कायद्याखाली गेला. परवाना घेऊन शिंगं घरी नेली तर खेळ, फास लावून हरीण खाल्लं तर गुन्हा. माझ्या फौजेच्या जुन्या मेसमधल्या भिंतींवर अशी पुष्कळ शिंगं होती. खाली पितळी पट्टीवर मारणाऱ्याचं नाव आणि साल. माग काढणाऱ्याचं नाव मी एकाही पट्टीवर वाचलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण सुधारलो म्हणाल, तर तसं झालं नाही. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका, दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या जीपा, आणि जीपवरचे झगझगीत दिवे. मचाणावर निदान रात्र जागायला लागायची. जीपमध्ये तेही नाही. दिव्यानं डोळे दिपलेलं हरीण जागचं हलत नाही. कान्हाच्या कुरणातला बारशिंगा, टणक जमिनीवर राहणारा, तेव्हा जगात दुसरीकडे उरला नव्हता. १९७० मध्ये त्याची मोजदाद झाली, ६६. साठ आणि सहा. शिकारीबरोबर कुरणांची मोडतोड आणि इतरही कारणं होती, पण आकडा हा होता. पुढे कुंपणात राखून, कुरणं वाढवून तो वाचवला गेला, आणि मध्य प्रदेशच्या वनखात्याचं हे काम मला कुठल्याही युद्धपदकाच्या तोडीचं वाटतं.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. बहुतेकांना वाटतं त्या दिवशी शिकार संपली. तसं नव्हतं. मूळ कायद्यात हरणांच्या शिकारीला परवान्याची तरतूद होती. पण अटी बघा. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही. कृत्रिम प्रकाश नाही. वाहनातून नाही. चाटणीवर किंवा पाणवठ्यावर, तिथे जाणाऱ्या वाटेवरही नाही. मादी नाही, पिलू नाही, मखमली शिंगांचा नर नाही. म्हणजे परवाना खिशात असला तरी पाण्यावरचं मचाण गेलं. व्याधानं एका रात्रीत जे ओळखलं त्याला संसदेनं कलमांत बसवलं. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याचा तो सगळा भागच काढून टाकला. मी फौजेत आलो ऐंशीच्या दशकात. मेसमधले वरिष्ठ शिकारीच्या गोष्टी सांगायचे, आमच्या पिढीनं फक्त ऐकल्या.

कायद्यात एक दार मात्र उघडं राहिलं, आणि ते राहायला हवं होतं. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरांसाठी अशा परवानगीची वाट थोडी सोपी केली. बिहारात केंद्रानं नीलगायीला काही काळ उपद्रवी ठरवलं आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक मारल्या. दिल्लीत त्यावरून दोन केंद्रीय मंत्री उघडपणे भिडले. शहरातल्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. मी हळहळणाऱ्यांना एकच विचारतो, तुम्ही कधी हरभऱ्याच्या शेतात रात्र काढली आहे?

मी काढली आहे, म्हणून विचारतो. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाच्या कडेला माझ्या मामेभावाची शेती आहे. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात गेलो होतो. हरभरा घाट्यावर आलेला. एका कोपऱ्यात दोन एकर चितळांनी खुडून नेलेलं, बाकी रोह्यांनी तुडवलेलं. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्याजवळ लायसनची बंदूक आहे, हात तयार आहे. एक रात्र माळ्यावर बसा ना जी. एक पडलं का बाकीचे येत नाहीत." त्याच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता. बियाण्याचं कर्ज होतं, मुलीच्या कॉलेजची फी होती. भरपाई मिळते, पण पंचनाम्याच्या चकरा, आणि मिळते ती नुकसानीच्या मानानं किती, ते त्यालाच ठाऊक.

मी नाही म्हटलं. कायद्याचं कारण होतंच. चितळाला रोही-डुकरांची ती सवलत नव्हती, आणि अंधारात हिरव्या डोळ्यांची जोडी सारंगाची की कुरंगाची हे छातीठोक सांगणारा मला भेटायचा आहे. पण नुसतं नाही म्हणून घरात झोपणं मला जमेना. बंदूक न घेता, बॅटरी आणि रिकामा पिंप घेऊन दोन रात्री त्याच्याबरोबर माळ्यावर बसलो. पहिल्या रात्री हरभऱ्यात तीनदा हालचाल झाली. दोनदा चितळं. तिसऱ्यांदा तसंच खसखस, तसंच थांबून थांबून पुढे येणं. बॅटरी मारली तर शेजारच्या वावरातला गडी, सुटलेला बैल शोधत आलेला. घोंगडी पांघरलेली, वाकून चालत होता. मामेभाऊ आणि मी, दोघंही बराच वेळ बोललो नाही. तो गडी मात्र "राम राम" म्हणून बैलामागे निघून गेला.

बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसवतं हे तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. ताडोबा, मेळघाट, पेंच. दिवस आणि रात्र बसायचं, चांदण्यात जे पाण्याला येईल त्याची कागदावर नोंद करायची. प्राणी, संख्या, वेळ. नागपूर-पुण्याची तरुण पोरं त्यासाठी धडपडतात, चांगलं आहे. मी मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "आम्ही वर्षाचे चार महिने मोजतो जी, आम्हाला कोणी कागद देत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाला, "मारायचं नाही तर नका मारू. पण जागायचं कोणी, ते तर सांगा."

यंदा त्यानं जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यालगत करडईच्या चार ओळी पेरल्या आहेत. काटेरी पीक, जनावर तोंड घालायला कचरतं, जुनी माणसं करायची. रोही तरीही उडी मारून येतात म्हणतो. माळ्याच्या दोन बल्ल्या बदलल्या आहेत, आणि परवा फोनवर विचारत होता की येत्या हरभऱ्याला तुम्ही किती दिवस येणार.